मोटारीविना कुटुंब : मालवाहू सायकलीची निवड

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे सकाळी शाळेच्या वेळेस पुढे मोठी पेटी जोडलेल्या सायकली रस्त्याने जाताना दिसतात. पेटीत दोन मुले व त्यांची दप्तरे असतात. परतीच्या वाटेवर त्याच पेटीतून भाजीपाला व किराणा घरी येतो. मोटार न बाळगणाऱ्या अनेक कुटुंबांचे हे रोजचे वाहन होय.

मुळात हे वाहन व्यापाऱ्यांचे. ‘लाँग जॉन’ ही लांब दोनचाकी मालवाहू सायकल डेन्मार्कमध्ये १९२० च्या दशकात प्रचारात आली. पुढे मालमोटारींचा प्रसार झाला आणि ती मागे पडली. १९८४ साली कोपनहेगनमधील क्रिस्टियानिया वसाहतीत पुढे पेटी असलेली तीनचाकी सायकल तयार झाली आणि मालाचे वाहन हळूहळू कुटुंबाचे झाले. सपाट भूमी, सायकलींसाठी राखलेले मार्ग आणि मोटारींवरील जबर नोंदणी कर या तिन्ही गोष्टी तिच्या प्रसारास पोषक ठरल्या.

तीन प्रकार

निवडीचा पहिला प्रश्न म्हणजे प्रकार कोणता घ्यावा. पुढे दोन चाके व त्यांमध्ये पेटी असलेली तीनचाकी सायकल उभी असताना कलंडत नाही. लहान मुलांना चढविणे-उतरविणे त्यामुळे सोपे जाते. मात्र वळणावर वेग कमी केला नाही, तर आतल्या बाजूचे चाक उचलले जाऊन ती उलटण्याचा संभव असतो. तिची रुंदीही सुमारे ९० सेंटिमीटर असते.

दुसरा प्रकार लाँग जॉनच्या धर्तीचा दोनचाकी. तो अरुंद असल्यामुळे गर्दीतून वाट काढतो व वळणावर स्थिर राहतो. परंतु त्याची लांबी सुमारे अडीच मीटर असते आणि तोल साधण्यास काही दिवसांचा सराव लागतो. तिसरा प्रकार म्हणजे मागचा भाग लांबविलेली सायकल. ती साध्या सायकलीसारखीच चालते व कमी जागेत मावते. मात्र मुले पाठीमागे बसत असल्याने ती चालकाच्या नजरेआड राहतात. त्यांच्यासाठी पट्टे व चाकांवर संरक्षक जाळी आवश्यक ठरते.

भार आणि चढ

दुसरा प्रश्न भाराचा. एक उदाहरण घेऊ. चालक ६५ किलो, दोन मुले मिळून ३५ किलो, सामान १५ किलो आणि सायकल स्वतः ४० किलो, म्हणजे एकूण १५५ किलो. पाच टक्के चढावर ताशी १० किलोमीटर वेगाने हा भार नेण्यास, इतर रोध वगळूनही, सुमारे २१० वॅट शक्ती लागते. सामान्य प्रौढ माणूस बराच वेळ देऊ शकतो ती शक्ती शंभर वॅटच्या आसपास असते. म्हणून चढाच्या गावी विद्युत मोटारीचे साहाय्य ही चैन नसून गरज आहे. युरोपीय संघात असे साहाय्य २५० वॅटपर्यंत व ताशी २५ किलोमीटर वेगापर्यंत असेल, तर ते वाहन सायकलच गणले जाते.

उतारावर हाच भार परीक्षा घेतो. वेग ताशी १५ वरून २५ किलोमीटर झाला, की थांबविण्यासाठी शोषावी लागणारी ऊर्जा जवळजवळ पावणेतीनपट होते. म्हणून पेटीच्या रंगरूपाआधी ब्रेक पाहावेत. ते पावसातही भरवशाने लागले पाहिजेत. मुले चढत असताना चाके जखडून ठेवणारा ब्रेक व मजबूत स्टँडही हवा.

स्वस्ताईचा मोह

कमी किमतीचा मोह येथे महाग पडू शकतो. २०२४ साली नेदरलँड्समध्ये सांगाडा तुटण्याच्या तक्रारींवरून शासकीय तपासणी यंत्रणेने एका मोठ्या उत्पादकाची विक्री थांबविली व धोकादायक सायकली परत घेण्याचा आदेश दिला. जर्मनीने अशा सायकलींसाठी २०२० सालीच स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले होते. खरेदी करताना मानकानुसार चाचणी झाली आहे काय, आणि सांगितलेल्या भारमर्यादेत चालक व सायकल यांचे वजन धरले आहे काय, हे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत.

निवडीचा क्रम

कोपनहेगनमधील पुष्कळ कुटुंबे वरच्या मजल्यावर राहतात. तेथे चाळीस किलोची सायकल जिन्याने वर नेता येत नाही. म्हणून आधी ठेवण्याची जागा मोजावी, मग शाळा व बाजाराचा रस्ता पाहावा, नंतर भाराचा हिशेब करावा आणि शेवटी दुकानात जावे. मुलांना पेटीत बसवून नेहमीच्या वाटेवर एक फेरी मारल्याखेरीज निर्णय घेऊ नये. रिकाम्या सायकलीची परीक्षा अपुरी असते.

दुधाच्या किटल्या किंवा जेवणाचे डबे वाहणारी सायकल महाराष्ट्राला नवी नाही. भारवाहू सायकलीचा तोल, तिचे ब्रेक आणि तिचा रस्ता यांचे महत्त्व दूधवाले व डबेवाले अनुभवाने जाणतात. पेटीत सामानाऐवजी मुले बसणार असतील, तेव्हा हीच जाणीव अधिक काटेकोर असावी लागते. शिवाय घरची सायकल कितीही चांगली असली, तरी शाळेपर्यंतचा रस्ता सुरक्षित करणे हे एकट्या कुटुंबाच्या हातचे काम नाही. ते गावाने मिळून करावयाचे काम आहे.