इन्सुलिनची तपासणी : एका सुईत काय कळतं?

हल्ली वस्तीतल्या तपासणी शिबिरांत साखरेबरोबर 'इन्सुलिन रेझिस्टन्स'चीही तपासणी सुचवतात. पैसे भरण्याआधी ती काय आहे, ते समजून घ्या.

इन्सुलिनमुळे रक्तातली साखर पेशींच्या आत जाते. काहींच्या पेशी त्याला नीट दाद देत नाहीत. मग शरीर जादा इन्सुलिन तयार करून साखर काबूत ठेवतं. त्यामुळे साखरेचा रिपोर्ट कित्येक वर्षं नॉर्मल येतो.

ही दाद मोजायची सगळ्यात खात्रीची पद्धत म्हणजे 'क्लॅम्प', १९७९ पासूनची. एका हातात इन्सुलिन आणि ग्लुकोजची सलाईन चालू, दुसऱ्या हातातून दर पाच मिनिटांनी रक्त, तेही निदान दोन तास. हातावर पोट असणाऱ्या बाईनं त्यासाठी खाडा करायचा का? ती पद्धत संशोधनापुरतीच राहिली. १९८५ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 'होमा' काढली. उपाशीपोटी एकदाच रक्त घ्यायचं, साखरेला इन्सुलिननं गुणायचं आणि ४०५ नं भागायचं. साखर ९०, इन्सुलिन ९ असेल तर उत्तर २. आकडा जितका मोठा, तितकी पेशींची दाद कमी.

सुया वाचल्या, पण आकडा ढोबळ झाला. इन्सुलिन मोजायचे किट लॅबगणिक वेगळे, त्यामुळे सगळ्यांना लागू पडेल अशी एकच मर्यादा नाही. नमुन्यात रक्तपेशी फुटल्या तर इन्सुलिन कमी दिसतं. साध्या नळीत रक्त तासन्‌तास पडून राहिलं तर साखरही कमी भरते. म्हणून साखरेसाठी राखाडी झाकणाची नळी वापरतात. शिबिरात ती आहे का, हे बेलाशक विचारा. आदल्या रात्रीपासून किमान आठ तास उपाशी राहा, साधं पाणी चालतं.

माझ्या मते मधुमेह आहे का, एवढंच पाहायचं असेल तर ही तपासणी नकोच. उपाशीपोटीची साखर आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची साखर पुरते. जोडीला शिंप्याची टेप घ्या. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या, बाईची ८० च्या वर असेल तर धोका जास्त. 'मी तर सडपातळ' म्हणून निवांत राहू नका. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी, दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, सहकाऱ्याची ९.१. हे २००४ मध्ये छापून आलं आहे.

विदर्भातल्या आपल्या घरांत सिकलसेल आढळतो. तो असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी फसवू शकते. सुई टोचण्याआधीच तसं सांगा आणि सिकलसेलचं कार्ड सोबत न्या.