बोक्याचा पाय आणि त्याची ताटली

चि. सायली,


तू पाठवलेला व्हिडिओ चार वेळा पाहिला. बोका कपाटाकडे बघतो, बूड हलवून नेम धरतो आणि उडी न मारताच खाली बसतो. सात महिन्यांचं मांजर उडी टाळतंय म्हणजे कुठेतरी दुखतंय, हे नक्की. पण "मामा, संधिवात असेल का?" ही तुझी शंका मात्र फार पुढची. या वयात तो अगदी शेवटी आठवावा.

माझं लक्ष पायापेक्षा ताटलीकडे गेलं. नुसतं उकडलेलं बोनलेस चिकन! ही चूक मीही केलीय, तीही गुरांचा डॉक्टर असून. घरच्या पिल्लाला लाडाने रोज निव्वळ मटण घालायचो. एके दिवशी ते पाटावरून, हो, पाटावरून उतरलं आणि मांडीचं हाड मोडलं. एक्स-रेत हाड कुठलं आणि मांस कुठलं, जेमतेम कळत होतं. मांसात कॅल्शियम एक भाग, तर फॉस्फरस पंधरा-वीस भाग. वाढत्या पिल्लाला दोन्ही जवळपास सारखे लागतात. मग रक्तातली तूट भरायला मानेतल्या इवल्याशा ग्रंथी हाडांमधलं कॅल्शियम ओढून घेतात. वरून मांजर गुबगुबीत, आत हाडं पापडासारखी.

तेव्हा उद्याच एक्स-रे काढून घे. पिल्लांसाठीचं संतुलित तयार खाणं आजपासूनच दे, आणि निदान होईपर्यंत त्याला मोठ्या पिंजऱ्यात ठेव. तो ओरडेल, ओरडू दे. कॅल्शियमची पावडर मात्र आपल्या मनाने घालू नकोस.

हाडं ठीक निघाली तर बाकीचं बघता येईल. तुझी चौथ्या मजल्याची खिडकी, जाळी नसलेली, माझ्या डोक्यातून जात नाही. शेजारच्या बोक्याने चावा घेतला असेल तर केसांखाली गळू होतं, हात फिरवून बघ. ताप असून आज हा पाय, उद्या तो, असं लंगडत असेल, तोंडात फोड असतील, तर कॅलिसी विषाणूचा संशय घ्यायचा. ते दुखणं बहुधा काही दिवसांत ओसरतं. गुडघ्याची वाटी सरकणं, खुब्याचा सांधा सैल असणं हे डॉक्टर हाताने चाचपून सांगतील.

दोन गोष्टींत हयगय नको. मागचे पाय अचानक लुळे पडून गार लागले, तर रात्र असली तरी दवाखाना गाठ; हृदयातली गुठळी पायाच्या रक्तवाहिनीत अडकलेली असू शकते. आणि घरातली पॅरासिटामॉल त्याला कधीच नाही. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही, एका गोळीनेही जीव जातो.

बाकी, दुमडलेल्या कानांचं ते स्कॉटिश फोल्ड पिल्लू आणायचा तुझा बेत रद्द कर. जो दोष कान दुमडतो, तोच अंगभरातल्या कूर्चा बिघडवतो. संधिवाताची भीती खरी तिथे आहे.

एक्स-रेचा फोटो पाठव, खिडकीपाशी धरून काढ, म्हणजे नीट दिसेल.

तुझा,
मामा