'सुल्टेन' : भूकवाचक स्कँडिनेव्हियन शब्दाची व्युत्पत्ती व व्याकरण

डॅनिश आणि नॉर्वेजियन भाषांत 'भुकेला' या अर्थी 'सुल्टेन' हे विशेषण रूढ आहे. स्वीडिशने मात्र या अर्थी 'हुंग्रिग' हा शब्द स्वीकारला. प्रस्तुत टिपणात 'सुल्टेन'चा विचार केला आहे.

'सुल्टेन' हे मुळात भूतकालवाचक धातुसाधित होय. जुन्या नॉर्समधील 'स्वेल्टा' या धातूपासून 'सोल्टिन्न' हे रूप सिद्ध होई. 'ओ' आणि 'उ' या स्वरांपूर्वी 'व' लुप्त होत असल्याने त्यात तो दिसत नाही. स्वीडिश 'स्वुल्टेन'मध्ये तो धातूच्या इतर रूपांच्या सादृश्याने परत आला. गॉथिक 'स्विल्टन' आणि प्राचीन इंग्रजी 'स्वेल्टन' यांचा अर्थ 'मरणे' असा आहे. म्हणजे 'मरणे' या व्यापक अर्थाचा संकोच होऊन 'उपासमारीने मरणे' आणि पुढे 'उपाशी असणे' हा अर्थ आला. इंग्रजी 'स्टार्व्ह'चा प्रवासही असाच आहे.

रूपविचारात धातुसाधिताची खूण टिकून आहे. नपुंसकलिंगी एकवचनात 'सुल्टेन्ट', तर अनेकवचनात व निश्चित रूपात 'सुल्ट्ने' होते. येथील 'ए'चा लोप जुन्या नॉर्समधील 'सोल्टिन्न – सोल्ट्निर' या रूपांइतका जुना आहे.

अर्थदृष्ट्या एक भेद महत्त्वाचा आहे. विशेषण सौम्य झाले. जेवणाच्या वेळी लागणाऱ्या साध्या भुकेलाही ते चालते. 'सुल्टे' या क्रियापदात मात्र उपासमारीची तीव्रता कायम राहिली. क्नुट हामसुन यांच्या 'सुल्ट' (१८९०) या कादंबरीचे शीर्षक याच कुळातील नाम आहे. क्रिस्तियानिया (आजचे ओस्लो) शहरात अन्नावाचून भटकणाऱ्या लेखकाच्या त्या कथेला 'भूक' म्हणावे की 'उपासमार', हा अनुवादकापुढील प्रश्न या दुहेरी अर्थातूनच उद्भवतो.

मराठीशी तुलना येथे उद्बोधक ठरते. 'भूक' हा शब्द संस्कृत 'बुभुक्षा'पासून, म्हणजे 'भुज्' धातूच्या इच्छार्थक रूपापासून आला. 'बुभुक्षित' हेही 'सुल्टेन'प्रमाणे धातुसाधितच; परंतु एकाच्या मुळाशी खाण्याची इच्छा आहे, तर दुसऱ्याच्या मुळाशी मरण. वाक्यरचनाही भिन्न आहे. डॅनिशमध्ये भुकेली व्यक्ती प्रथमेत येते. मराठीत 'मला भूक लागली' असे म्हणताना ती चतुर्थीत जाते आणि भूक हीच कर्ता होते. एकच शारीर अनुभव दोन भाषा किती निराळ्या रीतीने मांडतात, हे यावरून स्पष्ट होते.