गोजी बेरी: रोप घेण्याआधी आभाळ पाहा

मृग तोंडावर आला की रोपवाटिकांच्या जाहिरातींना ऊत येतो. त्यात गोजी बेरीही भेटते. एकरभर लावायचा मोह होत असेल, तर आधी हे पीक मूळ मुलखात कसे निघते ते पाहा.

चीनच्या निंगशिया प्रदेशातला चोंगनिंग भाग गोजीसाठी नावाजलेला. वर्षाचा पाऊस जेमतेम २०० मिलिमीटर. भिजवणीचे पाणी पीत नदीचे. हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली जातो, झुडूप पाने गाळून निजते. थंडी सरता सरता छाटणी होते आणि जूनपासून फळ पिकू लागते. तोडा एकदम होत नाही. दर आठवड्याला पिकलेले तेवढे हाताने वेचायचे. मजुरीचा हिशेब इथेच घालावा. फळे पातळ थरात वाळवतात. ओली असताना हाताने चिवडली की काळी पडतात आणि भाव जातो.

गोजी मिरची-टोमॅटोच्या कुळातली. जमीन थोडी चोपण असली तरी तिला चालते, पाणी साचलेले मात्र मुळीच नाही. पिकत्या फळावर पाऊस पडला तर मिरचीवर येतो तसलाच करपा येतो आणि फळ काळे पडते. आपला पावसाळा नेमका याच काळात. म्हणून कोकण आणि घाटमाथ्याने हा नाद सोडावा. माण, आटपाडी, सांगोल्याकडच्या निचऱ्याच्या रानात दहा-वीस झाडे लावून पाहायला हरकत नाही, पण तिथेही निंगशियाची थंडी नाही. बहराची हमी देणाऱ्या विक्रेत्याकडे त्याने आपल्याच हवेत घेतलेले फळ दाखवायला मागा.

लावायचीच तर दोन ओळींत तीन मीटर, दोन झाडांत एक मीटर ठेवा. बुडातले फुटवे काढत राहा, नाहीतर काटेरी जाळी होते. शेजारी वांगी, टोमॅटो, मिरची नको. मावा आणि कोळी इकडून तिकडे जातात. चीनमधून बी किंवा काड्या परस्पर मागवू नका. आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो, आणि तो नियम आपल्याच पिकांच्या रक्षणासाठी आहे.

औषधाचे म्हणाल, तर चिनी वैद्य ली शिचेन यांच्या सोळाव्या शतकातल्या वनौषधी ग्रंथातही गोजी आहे. चिनी वैद्य फळ यकृत, मूत्रपिंड आणि डोळ्यांसाठी देतात, मुळाची साल अंगातली उष्णता कमी करायला. तिकडे घरोघरी गोजीचे फळ सूपमध्ये, पेजेत आणि शेवंतीच्या चहात पडते. एवढ्यावरून पाकिटावर ‘मधुमेह बरा होतो’ छापाल, तर अन्नसुरक्षा कायदा आडवा येईल. रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन घेणाऱ्यांना गोजीमुळे रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. गिऱ्हाइकाला माल देताना हे जरूर सांगा.