फुकटचा दाणा आणि जडलेली सवय



शाळाभेटीत एका वर्गात पाहिलेली हकीकत सांगतो. दुसरीतील एक मुलगा बाईंचे लक्ष वेधण्यासाठी सारखी पाटी आपटीत असे. बाईंनी युक्ती योजिली. पाटी आपटो वा न आपटो, थोड्या थोड्या वेळाने त्याच्याजवळ जाऊन पाठीवरून हात फिरवावयाचा. आपटणे कमी झाले. पुढे बाई रजेवर गेल्या. बदली शिक्षकांनी त्याच्याकडे मुळीच लक्ष दिले नाही, तरी आपटणे काही केल्या थांबेना. "साहेब, माझे काय चुकले?" असे बाईंनी मला विचारले.

याचे उत्तर कबुतरांपाशी मिळण्यासारखे आहे. अमेरिकेतील जॉन नेविन व त्यांचे सहकारी यांनी १९९० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. भुकेल्या कबुतरापुढील कळ कधी तांबडी, तर कधी हिरवी उजळे. कळीवर चोच मारीत राहिल्यास दोन्ही रंगांत सरासरी मिनिटास एकदा दाणा मिळे. एका रंगात मात्र त्याखेरीज काही न करताही दाणा पडे. त्या रंगात कबुतर चोच कमी मारू लागले. येथवर आपल्या अंदाजाप्रमाणेच झाले. परंतु पुढे कबुतरास आधीच पोटभर चारले, किंवा दाणा अजिबात बंद केला, तेव्हा मूळ प्रमाणाच्या मानाने फुकटच्या दाण्याच्या रंगातच चोच मारणे अधिक चिवटपणे टिकले!

कृती किती वेगाने घडते, हे कृती व फळ यांच्या संबंधावर अवलंबून असते. ती किती टिकते, हे त्या ठिकाणी एकंदर किती फळ मिळाले यावर ठरते. भरलेली बैलगाडी सावकाश चालते, पण उतारावर ती आवरणे कठीण. नेविन यांनीही गती व वस्तुमान यांचीच उपमा घेतली होती.

शालेय पोषण आहाराचा या विवेचनाशी संबंध जोडू नये. भुकेल्या मुलाचे जेवण हे बक्षीस नव्हे. बाईंची मायाही चुकीची नव्हती. ज्या बाकावर पाटी आपटली जाई, त्याच बाकावर ती मिळत गेली, एवढेच.

मतिविकासात अडचण असलेल्या मुलांवरील २०१० सालच्या अभ्यासातही असेच आढळले. त्यावरील उपाय असा की, पर्यायी वर्तन प्रथम वेगळ्या जागी, वेगळ्या खुणेसह शिकवावे व मग मूळ जागी आणावे. त्याप्रमाणे तो मुलगा सध्या व्हरांड्यात, दुसऱ्या गुरुजींपाशी, हात वर करून बोलावयास शिकत आहे. बाईंच्या वर्गात त्याला पुढील महिन्यात बसवावयाचे आहे.