डेक्कन कॉलेजचे माजी विद्यार्थी

सांदीपनी ऋषींच्या आश्रमात श्रीकृष्णाबरोबर शिकलेला सुदामा पुढे कितीतरी वर्षांनी द्वारकेस गेला, तेव्हा श्रीकृष्णाने धावत सामोरे येऊन त्याला मिठी मारली, ही कथा तुम्हांस ठाऊक आहे. पोह्यांची पुरचुंडीही तुमच्या लक्षात असेल. पण भेटीनंतर ते दोघे बोलत बसले ते कशाविषयी? गुरुगृहाविषयी. सर्पण आणावयास रानात गेले असता वादळपावसात सापडल्याची आठवण त्यांनी काढली. बरोबर शिकलेली माणसे पुन्हा भेटली म्हणजे असेच होते. कोणी राजा होवो, कोणी रंक राहो. बोलणे फिरून फिरून शाळेच्या दाराशीच येते.

परंतु ते दारच बंद झाले तर? पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांवर हा प्रसंग खरोखरच ओढवला.

विश्रामबागवाड्यात १८२१ साली निघालेल्या संस्कृत पाठशाळेपासून या कॉलेजची परंपरा सुरू होते. १८६८ साली ते नदीपलीकडे, येरवड्याच्या बाजूच्या नव्या दगडी इमारतीत आले. त्या काळी ती जागा गावापासून लांब होती. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना एकमेकांचा सहवास अष्टौप्रहर घडे. बाळ गंगाधर टिळक येथे आले आणि पहिले वर्ष त्यांनी पुस्तकांपेक्षा व्यायामातच अधिक घालविले. गोपाळ गणेश आगरकरांपाशी एकच सदरा होता. तो ते रात्री धूत आणि सकाळी अंगात घालीत, असे सांगतात. १८७९ साली हे दोघे येथे वरच्या परीक्षांचा अभ्यास करीत होते. अभ्यासापेक्षा त्यांचा वादच अधिक रंगे! सरकारी नोकरी न धरता देशात शिक्षणाचा प्रसार करावयाचा, हा त्यांचा निश्चय या वादांतूनच झाला.

पुढे दोघांची मते जुळेनाशी झाली. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय हक्क आधी, या प्रश्नावर त्यांनी आपापल्या पत्रांतून एकमेकांवर कठोर टीका केली. १७ जून १८९५ रोजी आगरकर वारले. त्यांच्यावरील मृत्युलेख ‘केसरी’त टिळकांनीच लिहिला, आणि तो लिहिताना त्यांना फार वेळ लागला, असे म्हणतात. कॉलेजातील त्या रात्री त्यांना आठवल्या नसतील काय?

इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे आणि सेनापती बापट हेही याच कॉलेजचे विद्यार्थी. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारखे थोर पंडित तेथे संस्कृत शिकवीत असत.

असे हे कॉलेज १९३४ साली मुंबई सरकारने बंद केले. तोपर्यंत पुण्यात दुसरी कॉलेजे निघाली होती, तेव्हा नव्या विद्यार्थ्यांची फारशी अडचण होणार नव्हती. ज्यांचे शिक्षण केव्हाच संपले होते, त्यांना मात्र हे सहन होईना. यांतील कितीतरी जण आता केस पिकलेले, संसारात आणि व्यवसायात गढलेले होते. एरवी ही मंडळी जमली असती तर जुन्या गोष्टी निघाल्या असत्या, फराळ झाला असता आणि जो तो आपल्या घरी गेला असता. तसे करण्यात काही वाईट होते असे नाही. पण या वेळी त्यांना निराळेच काम करावयाचे होते. इमारत सरकारने एकट्याच्या पैशाने बांधलेली नव्हती. सर जमशेटजी जीजीभाई यांनी शिक्षणासाठी दिलेल्या मोठ्या देणगीचा तीत वाटा होता. माजी विद्यार्थ्यांच्या संघाने न्यायालयात दाद मागितली. सरकारशी भांडावयाचे, तेही परक्या सरकारशी, आणि तेही ज्या वर्गात आपण पुन्हा कधी बसणार नाही त्या वर्गासाठी!

अखेर १७ ऑगस्ट १९३९ रोजी कॉलेजचे दार उघडले. मात्र ते पूर्वीचे कॉलेज राहिले नव्हते. आता ती पदवीनंतरच्या अभ्यासाची आणि संशोधनाची संस्था झाली होती. इरावती कर्वे तेथे समाजशास्त्र शिकवू लागल्या. हसमुख सांकळिया पुरातत्त्वाचे अध्यापक झाले. पुढे जोर्वे आणि नेवासे येथे उत्खनन करून त्यांनी महाराष्ट्रातील प्राचीन वस्त्या उजेडात आणल्या. १९४८ साली संस्कृतच्या एका प्रचंड कोशाचे काम तेथे हाती घेण्यात आले. एकेका शब्दासाठी जुने ग्रंथ चाळून चिठ्ठ्या लिहावयाच्या, अशा लक्षावधी चिठ्ठ्या जमल्या. ते काम अनेक दशके चालत आले आहे.

टिळक ज्या खोलीत राहत, ती खोली तेथे त्यांचे स्मारक म्हणून जपून ठेवलेली आहे.