आजी, कॅमेरा आणि खिडकीचा गज

मंडळी, आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर मोठ्या मनाने माफ करा. खरं तर मी इंग्लिश सेक्शनलाच लेख देणार होते. पण हा लेख माझ्या आजीबद्दल आहे, आणि अंक घरी गेला की ती तो पहिल्या पानापासून वाचते. म्हणून मराठीत.

विषय तसा साधा आहे. वयस्कर माणसांनी घरीच करायचा व्यायाम, आणि तो शिकवणारा माणूस मात्र लांब, फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आजी-आजोबा गावी असतात आणि आपण इथे हॉस्टेलवर. त्यामुळे हे सगळ्यांच्याच उपयोगाचं आहे.

झालं असं

माझी आजी वाईला असते. वय ७६. मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी ती न्हाणीघरात घसरली आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, प्लॅस्टर निघालं, पण भीती काही निघाली नाही. दर संकष्टीला ढोल्या गणपतीला जाणारी बाई अंगणातल्या तुळशीपर्यंत जायलासुद्धा कुणाचा तरी हात मागायला लागली. आणि यातच खरी गोम आहे. पडायच्या भीतीने माणूस हालचाल कमी करतो, हालचाल कमी झाली की पायातली ताकद जाते, आणि ताकद गेली की पडायची शक्यता आणखी वाढते. कंट्रोल सिस्टिममध्ये आपण पॉझिटिव्ह फीडबॅक शिकतो ना, अगदी तोच लूप!

साताऱ्याच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी तिला एकदा प्रत्यक्ष तपासलं आणि व्यायाम ठरवून दिले. पण दर वेळी वाई-सातारा एस.टी. कशी झेपणार? म्हणून ठरलं की पुढचं व्हिडिओ कॉलवर. मॅडम पंधरा दिवसांतून एकदा, आणि दर रविवारी मी.

हे खरंच चालतं का?

मला आधी वाटलं, व्हिडिओ कॉल म्हणजे नुसती सोय, खरं औषध नव्हे. मग थोडं वाचलं. न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी घरच्या घरी करायचा एक कार्यक्रम तयार केला होता. त्याचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ८० वर्षांवरच्या २३३ स्त्रिया होत्या. फिजिओथेरपिस्ट पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा घरी गेली आणि नंतर फक्त फोन! पायांच्या ताकदीचे आणि तोल सांभाळायचे व्यायाम, शिवाय चालणं, एवढंच. पुढे अशा चार अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हा पडण्याचं प्रमाण साधारण ३५ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. म्हणजे व्हिडिओ नसतानाही जमलं होतं.

दुसरा अभ्यास ऑस्ट्रेलियातला, २०२१ सालचा. सिडनीतल्या सत्तरीच्या पुढच्या ५०३ जणांपैकी निम्म्यांना टॅबलेटवर तोलाचे व्यायाम दिले. पहिल्या वर्षी पडण्यात विशेष फरक दिसला नाही. दोन वर्षांचा हिशेब केला तेव्हा मात्र पडणं १६ टक्क्यांनी कमी झालं होतं. म्हणजे घाई उपयोगाची नाही.

माझी चूक

आता माझी फजिती. आजीचा मुख्य व्यायाम म्हणजे खुर्चीतून उठणं आणि बसणं. मी ई अँड टीसीची, त्यामुळे लगेच प्रोजेक्ट करायचा उत्साह! मीडियापाइप नावाची लायब्ररी व्हिडिओतल्या माणसाच्या अंगावर ३३ बिंदू शोधते. कंबर, गुडघा, घोटा हे तीन बिंदू जोडले की गुडघ्याचा कोन मिळतो. आजीला दाखवलं तर म्हणाली, "ही तर ठिपक्यांची रांगोळी!"

रांगोळी सुंदर, पण कोन सगळे चुकीचे. कारण फोन मी समोर ठेवला होता. बसलेल्या माणसाची मांडी कॅमेऱ्याच्या दिशेने येते, त्यामुळे चित्रात तिची लांबी जवळजवळ नाहीशीच होते. जी लांबी दिसत नाही तिचा कोन कसा मोजणार? त्यात आजी नऊवारीत. गुडघा लुगड्याच्या आत, आणि प्रोग्रॅम आपला अंदाजाने ठिपका टाकतोय.

पण खरी चूक याहून मोठी होती. फेब्रुवारीत आजी सलग दहा वेळा उठायला लागली. मी इकडे टाळ्या वाजवतेय, रूममेटला दाखवतेय. पुढच्या कॉलला मॅडमनी दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "आजी, तुमचा डावा हात दाखवा बघू."

डावा हात फ्रेमच्या बाहेर होता. खिडकीचा गज घट्ट धरून! आजी पायांनी उठत नव्हती, हाताने स्वतःला ओढत होती. ३३ ठिपके मोजणाऱ्या मला हे दिसलं नाही. मी तिला विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, "अगं, तू एवढी खूश होतीस. कशाला मोडायचा तुझा आनंद?"

त्या रात्री मेसमध्ये जेवण गेलं नाही.

मॅडम मात्र रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आधार घेणं चूक नाही, सुरुवात आधारानेच करायची आणि तो हळूहळू कमी करायचा. फक्त किती आधार घेतला ते आम्हाला कळायला हवं.

मग काय बदललं

१. फोन बाजूला, कमरेच्या उंचीवर, आडवा. डोक्यापासून पावलापर्यंत आणि दोन्ही हातांसकट सगळं दिसलं पाहिजे. फोन हातात धरायचा नाही.

२. खुर्ची लाकडी, भक्कम, पाठ भिंतीला टेकलेली. प्लॅस्टिकची खुर्ची फरशीवर सरकते. फरशी कोरडी, आणि पायात सैल स्लीपर नको.

३. उठताना आधी पावलं थोडी मागे घ्यायची, मग पुढे वाकायचं. हे आपलं साधं मेकॅनिक्स. गुरुत्वमध्य पावलांवर आला की उठणं सोपं. सीट उंच असेल तर गुडघ्यावर मोमेंट कमी, म्हणून आधी उशी घालून उंची वाढवली आणि जमायला लागल्यावर उशी काढली.

४. उभं राहून टाचा उचलायच्या त्या स्वयंपाकाच्या ओट्याला धरून.

५. आकडे आजीनेच मोठ्याने मोजायचे. नेटच्या विलंबामुळे माझं "तीन" तिला "चार"ला ऐकू यायचं. शिवाय बोलत राहिलं की श्वास कोंडला जात नाही.

६. नवीन व्यायाम असेल त्या दिवशी शेजारच्या काकू जवळ बसतात. चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर ताबडतोब थांबायचं आणि डॉक्टरांना कळवायचं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या सूचनेप्रमाणे ६५ वर्षांवरच्या लोकांनी तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत. आमचे दिवस सोमवार, बुधवार, शुक्रवार. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजी त्या दिवशी कुंकवाचं बोट लावते. रविवारी मी फक्त बोटं मोजते आणि विचारते, "काय जड गेलं?" माझ्या प्रोग्रॅमपेक्षा या प्रश्नातून जास्त डेटा मिळतो!

एक सांगायला हवं. हे वाचून कुणी आपल्या आजोबांना लगेच उठाबशा काढायला लावू नका. आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टने प्रत्यक्ष तपासणं आवश्यक आहे. कॅमेरा त्यानंतर.

आज आजी हात छातीशी घेऊन आठ वेळा उठते. दहाचे आठ झाले, पण हे आठ खरे आहेत. गेल्या संकष्टीला काकूंबरोबर ती ढोल्या गणपतीला जाऊन आली. घाटाच्या पायऱ्या अजून उतरत नाही. मॅडम म्हणतात, वेळ आहे.

तर मित्रमैत्रिणींनो, रविवारी घरी फोन कराल तेव्हा "जेवलीस का?" विचाराच. त्याच्याबरोबर एक प्रश्न जास्तीचा विचारा : "आजी, तू उठताना कुठे धरतेस?"

— टी.ई. (ई अँड टीसी), लेडीज हॉस्टेल